खोट्या मापाचं घड्याळ

डोंगरातल्या ले रोश या घड्याळांच्या गावातली माणसं खोटारडी होती असं कुणी म्हणणार नाही. उसनं नेलेलं फावडं ती वेळेवर परत करत, दुधात पाणी घालत नसत आणि रविवारी चर्चमध्ये पाद्र्याचं प्रवचन जागं राहून ऐकत. पण घड्याळाच्या डबीचं माप विचारलं, की गावातला प्रत्येक मालक असा चेहरा करी, जणू तुम्ही त्याला चारचौघांत सदरा काढायला सांगितला आहे.

गावात सहा कारखाने होते, म्हणजे सहा मालक होते, आणि प्रत्येकाची खात्री होती की उरलेले पाच जण आपल्या खिडकीला कान लावून बसलेले आहेत. म्हणून नवं घड्याळ ठरलं की त्याचे दोन आराखडे काढायचे अशी इथली रीत. एक खरा, तो कपाटात, कुलपात. दुसरा खोटा, तो टेबलावर, उघडा, चोराने न्यावा म्हणून. या खोट्या आराखड्यावर मालक लोक मोठी अक्कल खर्च करत. कुठे पाय वाढव, कुठे कड चपटी कर, कुठे कोन बदल, असं करून चोराला वर्षभर भलत्याच कामाला जुंपेल असं घड्याळ ते कागदावर उभं करत. चोर मात्र कधी आला नाही. आजोबांच्या काळापासून एकही नाही. एवढा बंदोबस्त करूनही आपलं काही चोरायला कुणी फिरकत नाही, यात आपलाच अपमान आहे, असं त्यांच्यातल्या एकालाही कधी वाटलं नाही.

विर्जिल मातीलच्या कारखान्यात हे दोन्ही आराखडे काढायचं काम ब्लुएत पेरेकडे होतं. एकोणीस वर्षं.

ब्लुएत याच गावची. बाप उन्हाळ्यात गाई राखी आणि हिवाळ्यात खिडकीशी बसून घड्याळाचे काटे घाशी. मुलीचा हात चांगला आहे म्हणून शाळामास्तर बापाच्या मागे लागले आणि तिला ला शो-द-फाँ शहरातल्या कलाशाळेत धाडलं. तिथे ती दोन वर्षं शिकली. तिसऱ्या वर्षी बापाने अंथरूण धरलं आणि ती परत आली. मातीलने तिला ठेवून घेतलं तेव्हा गावभर सांगितलं की एका गरीब मुलीवर आपण उपकार केले. त्याआधी तो स्वतःच आराखडे काढत असे, आणि कारागीर ते हातात घेऊन विचारत, "साहेब, हा खरा की खोटा?" कारण दोन्हींतून काहीच बनत नसे.

ब्लुएतने लग्न केलं ते कारखान्यातल्याच आर्मां पेरेशी. तो घड्याळांच्या डब्यांना पॉलिश करी. त्या कामात धातूची भुकटी नाकातोंडात जाते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. मुलगी मार्लीझ सात वर्षांची असताना आर्मां खाटेला खिळला, दोन हिवाळे तसाच होता आणि दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी गेला.

त्या दोन हिवाळ्यांत त्याला मान उचलता येत नसे. उशाशी घड्याळ होतं, पण ते सरळ समोर बघे, आडव्या पडलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नसे. दर दहा मिनिटांनी तो विचारी, "किती वाजले?" तिने घड्याळ पुस्तकाला टेकवून पाहिलं, ते घसरलं. शेवटी तिने मातीचं एक घड्याळ करून पाहिलं: नदीतल्या गोट्यासारखं गोल, बुडाशी जड आणि मागे रेललेलं. तबकडी वर, छताकडे बघणारी. पडल्यापडल्या नुसती नजर वळवली की वेळ दिसावी. आर्मांने ते मातीचं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "हे चालतं का?"

"नाही."

"मग माझ्यासारखंच आहे."

तो गेल्यावर वर्षभराने तिने ते मातीलला दाखवलं. मातीलने ते उलटसुलट केलं, नखाने टोचून पाहिलं आणि म्हणाला, "ही कल्पना माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होती."

ब्लुएतला न बोलण्याचाच तर पगार होता.

घड्याळ बनलं. १९४९च्या वसंतात बाजारात यायचं ठरलं, आणि मातीलला पहिल्यांदाच असं वाटलं की खरंच कुणीतरी चोरेल असं आपल्याकडे काही आहे. त्या भीतीने तो दोन आठवडे जेवला नाही. मग कुणीतरी त्याला बर्नबद्दल सांगितलं. तिथे एक आंतरराष्ट्रीय कार्यालय होतं. वस्तूचं रूप तिथे एकदा नोंदवलं, की आपसात करार केलेल्या सगळ्या देशांत ते तुमचं. फ्रान्ससाठी वेगळा वकील, बेल्जियमसाठी वेगळा, हॉलंडसाठी वेगळा, अशी दारं झिजवायला नकोत. एक अर्ज, एक नोंद, एक तारीख. शहाण्या माणसांनी फार विचार करून केलेली सोय होती ती. ले रोशचे मालक तिचं काय करतील, याचा विचार त्या बिचाऱ्यांनी केला नव्हता.

आणि त्या सोयीत आणखी एक सोय होती. आराखडा लिफाफ्यात घालून वर लाखेची मोहर लावून द्यायची मुभा होती. पहिली पाच वर्षं आत काय आहे ते कार्यालयही बघत नसे. मातीलला हे कळलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या जगात आपल्याला समजून घेणारं कुणीतरी बर्नमध्ये बसलं आहे, असं त्याला वाटलं.

ब्लुएतने दोन आराखडे काढले. खरा, मागे रेललेल्या गोट्याचा. आणि खोटा: चौकोनी, ताठ, तीन पायांचा, डोक्यावर कडी असलेला, कुणी फुकट दिला तरी घरात ठेवणार नाही असा. मातील दार लावून लाख वितळवायला बसला तेव्हा तिने बाहेरून विचारलं, "साहेब, कुठला कागद घालताय?"

"बाई, तुमचं काम रेघा ओढायचं. ओढल्यात ना? झालं तर मग."

टपालावर त्याचा भरवसा नव्हता. लिफाफा बंडीच्या आत, पोटाशी बांधून तो स्वतः आगगाडीने बर्नला गेला, आणि वाटेत कुणाच्या शेजारी बसायला लागू नये म्हणून सगळा प्रवास उभ्याने केला.

चार वर्षं घड्याळ चांगलं खपलं. दवाखाने घेत, म्हाताऱ्या माणसांची मुलं घेत. मातील मोठा माणूस झाला. त्याने पोट पुढे काढून चालायला सुरुवात केली. मार्लीझ पंधरा वर्षांची झाली. तिचा हात आईहूनही हलका होता, तबकडीवरचे आकडे ती श्वास रोखून असे रंगवी की भिंगातूनही रेघ हललेली दिसू नये. शाळा संपली की पुढच्या वसंतात तिला उमेदवारीवर घेतो, चार वर्षांचा रीतसर करार करतो, असं मातीलने शब्द दिला होता. ब्लुएतला दुसरं काही नको होतं. नाहीतर मुलगी दूर कुठेतरी शहरात परक्यांच्या घरी राहणार, अर्धपोटी झोपणार, खोकला लपवणार. खोकल्याचा आवाज ब्लुएतला कुठूनही ऐकू येई. शेजारच्या घरात कुणी खोकलं तरी तिचा हात थांबे.

१९५३च्या उन्हाळ्यात पॉलिशवाली झेली सरहद्दीपलीकडे, फ्रान्समध्ये, मोर्तोला बहिणीकडे गेली आणि येताना पिशवीतून एक घड्याळ घेऊन आली. गोट्यासारखं, मागे रेललेलं. आपल्याच घड्याळाचं सख्खं भावंड, फक्त किंमत निम्मी आणि तबकडीवर एका फ्रेंच कारखान्याचं नाव.

"बाजारात ढीग लागलाय," झेली म्हणाली. "बटाट्यांच्या शेजारी. माझी बहीण म्हणते, तुमचं महाग, हेच बरं."

मातील आधी पांढरा पडला, मग लाल झाला आणि मग चक्क हसला. "येऊ दे! चोर आला एकदाचा! तीन पिढ्या वाट बघितली आम्ही! बर्नला लिफाफा आहे माझा. फ्रान्ससुद्धा त्यात येतं. आता बघाच."

वकील ग्रोपिएर म्हणाले, फ्रान्सच्या कोर्टात जायचं तर लिफाफा उघडून आतल्या आराखड्याची दाखल्यासह प्रत घ्यावी लागेल. ऑगस्टच्या शेवटी तिघं बर्नला गेले: मातील, ग्रोपिएर, आणि फाइली धरायला ब्लुएत.

कार्यालयातला गृहस्थ सडपातळ आणि फार सभ्य होता. त्याने लिफाफा टेबलावर ठेवला, मोहर शाबूत असल्याचं तिघांना दाखवलं, तसं कागदावर लिहिलं, सुरी घेतली आणि लाख हलकेच फोडली. आतला कागद उलगडून त्याने तो मातीलकडे वळवला.

चौकोनी, ताठ, तीन पायांचं घड्याळ. डोक्यावर कडी.

"हे खोटं आहे!" मातील आनंदाने म्हणाला.

"माफ करा?"

"खोटा आराखडा. मीच घातला होता, मुद्दाम! म्हटलं, न जाणो, वाटेत कुणी लिफाफा फोडला तर? बसेल लेकाचा कडी जोडत!" आणि तो इतका खळखळून हसला की त्याला खोकला आला.

वकील ग्रोपिएरनी डोळे मिटून घेतले.

गृहस्थाने सुरी खाली ठेवली. "आणि खरा, साहेब?"

"माझ्या कपाटात. कुलपात. किल्ली इथे." मातीलने छातीवर थाप मारली.

"मग साहेब, मला सांगायला वाईट वाटतं. नोंद झाली आहे ती या कागदावरच्या रूपाची. तुमच्या कपाटाची नाही."

"पण खरं घड्याळ तर—"

"हे तीन पायांचं घड्याळ जर कुणी बनवलं," तो गृहस्थ शक्य तितक्या मायेने म्हणाला, "तर करारातल्या प्रत्येक देशात तुम्ही त्याला अडवू शकता."

ब्लुएत खिडकीबाहेर बघत राहिली. तिला आर्मां आठवला नाही, मातीचं घड्याळ आठवलं नाही. एवढंच मनात आलं की ती कडी काढताना तिने फार मन लावलं होतं. जगातल्या सगळ्यात कुरूप घड्याळाला एवढा मोठा पहारा लागला होता आणि ते घड्याळ तिच्या हातचं होतं.

परतीच्या गाडीत मातील पहिला अर्धा तास किल्लीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "कागद दिसायला सारखेच होते." थोड्या वेळाने, "घडी घालून दिले होते ना, त्यामुळे वरून कळलं नसेल." मग, "पेरेबाई, घडी तुम्हीच घातली होती ना?" तळ्याचं पाणी दिसू लागलं तेव्हा तो म्हणत होता, "एवढ्या वर्षांत पहिलीच चूक, म्हणून मी काही बोलत नाही." न्युशातेलला गाडी बदलेपर्यंत चूक पूर्णपणे ब्लुएतची झाली होती आणि मातीलने तिला क्षमाही करून टाकली होती.

ग्रोपिएर समोरच बसले होते. ते वर्तमानपत्र वाचत होते. तास दीड तास एकच पान.

तिसऱ्या दिवशी मातीलने तिला खोलीत बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की मी, विधवा ब्लुएत पेरे, हिने १९४९ साली हलगर्जीपणाने चुकीचा आराखडा मालकांच्या हाती दिला.

"सही करा. आपसातच राहील."

"आपसातच राहायचं तर कागद कशाला, साहेब?"

"माझे मेहुणे भागीदार आहेत, त्यांना काहीतरी दाखवायला नको? बँकेत लोक विचारतात. क्लबात विचारतात. तुमचं काय जातंय, बाई? तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"मी चुकीचा कागद दिला नाही. तुम्ही दोन्ही नेलेत आणि दार लावलंत."

मातीलने पेन्सिल उचलली, तिचं टोक बघितलं, खाली ठेवली. "मार्लीझ काय म्हणते? वसंतात येणार ना आमच्याकडे? करार मी तयारच ठेवलाय. म्हणजे, ठेवायला सांगणार आहे. हा कागद एकदा मार्गी लागला की."

ब्लुएत कागद घेऊन घरी आली. आणि खरं सांगायचं तर सही करायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. नाव म्हणजे काय, असा तिने विचार केला. बापाचं नाव घड्याळावर नव्हतं, नवऱ्याचं नव्हतं, तिचंही नाही. असलेलं एकदा खराब झालं तर कुणाच्या लक्षात येणार आहे? मुलगी डोळ्यासमोर राहील, घरी जेवेल, लोकरीचे मोजे घालते की नाही ते बघता येईल. मार्लीझला तिने काही सांगितलं नाही. पण गावात सांगायला लागत नाही. मुलीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, तू सही केलीस तर मी त्याच्याकडे जाणार नाही."

"कुठे जाशील मग? डोंगरावर गाई राखायला?"

"गाई खोटं तरी बोलत नाहीत."

"गाई करारही करत नाहीत. बस गप्प."

दुसऱ्या दिवशी ती ग्रोपिएरकडे गेली. तिने एकच गोष्ट विचारली. "मी सही केली, तर फ्रान्सच्या कोर्टात घड्याळ परत मिळेल का?"

ग्रोपिएर चष्मा पुसत राहिले. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं. "नाही, बाई. चूक कुणाचीही असो, लिफाफ्यात होतं तेच नोंदलेलं."

"म्हणजे या कागदाचा काहीच उपयोग नाही?"

"कायद्याच्या दृष्टीने... नाही."

"मग कुणाच्या दृष्टीने आहे?"

वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तोपर्यंत तिला वाटत होतं की कारखाना वाचवायला आपलं नाव मागतायत. कारखाना वाचणार नव्हता. घड्याळ येणार नव्हतं. विर्जिल मातीलला क्लबात पत्ते खेळताना मान वर ठेवता यावी, म्हणून तिच्या मुलीची चार वर्षं ओलीस धरली होती. इतकी स्वस्त गोष्ट होती ती, की तिला प्रथम लाजच वाटली. त्याच्यासाठी नव्हे, आपण रात्रभर त्यावर विचार केला म्हणून.

तिने सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. मातीलने रविवारपर्यंत वाट बघितली.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी सगळं गाव कुरणावर जमलं. देवदाराच्या फांद्यांची मोठी आगटी पेटवायची, निखारे झाले की कोबीच्या पानांत आणि ओल्या कागदात गुंडाळलेले सॉसेज त्यात पुरायचे, आणि ते भाजेपर्यंत दोन तास पांढरी वाइन पीत गाईंच्या घंटा ऐकत बसायचं. सहाही मालक आले होते, आपापल्या बायका, कारागीर आणि संशय घेऊन. ब्लुएतने बटाट्याची कोशिंबीर आणली होती. निखारे सारखे करून झाल्यावर मातील पेला घेऊन उभा राहिला.

"मंडळी, आमच्या घड्याळाबद्दल गावात काहीबाही बोललं जातंय. तेव्हा मीच सांगतो. आमच्या पेरेबाईंच्या हातून चूक झाली. माणूस आहे, चूक होते. एकोणीस वर्षांची सेवा आहे त्यांची. मी मनात ठेवलेलं नाही." त्याने पेला तिच्याकडे उंचावला. "त्यांनाही आता मोकळं वाटेल."

सगळे तिच्याकडे बघू लागले. काही बायकांनी दयेने मान हलवली. तेवढ्या दयेने काम झालं. ती मान हलली नसती तर ब्लुएत कदाचित गप्प राहिली असती.

"साहेब," ती म्हणाली, "बर्नला लिफाफा उघडल्यावर तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात?"

"ते आता कशाला—"

"मी सांगते. 'हे खोटं आहे' म्हणालात. आणि हसलात."

"हसले?" पॉलिशवाल्या झेलीने निखाऱ्यापलीकडून विचारलं.

"खळखळून. मीच मुद्दाम घातला म्हणाले. वाटेत कुणी लिफाफा फोडला तर त्याची फजिती व्हावी म्हणून."

"अगं बाई! मग झाली की फजिती! फक्त लिफाफा फोडायला चार वर्षं लागली आणि फोडणारे हेच!"

"झेली, तोंड सांभाळ," मातील ओरडला. "ही बाई खोटं बोलतेय!"

"वकीलसाहेब इथेच आहेत," ब्लुएत म्हणाली. "त्यांना विचारा. ते तिथे होते, आणि गाडीतही होते."

ग्रोपिएरच्या तोंडात पावाचा मोठा घास होता. तो त्यांनी बराच वेळ चावला. सगळे थांबले. शेवटी गिळावाच लागला. "मी," ते निखाऱ्याकडे बघत म्हणाले, "यातलं काही नाकारू शकत नाही."

कारागीर हसले. बायका हसल्या. कुणीतरी तीन पायांच्या घड्याळासारखं चालून दाखवलं, आणि मुलं त्याच्या मागे तशीच चालू लागली. पण ब्लुएतच्या लक्षात आलं की मालक हसत नव्हते. मातील सोडून उरलेले पाचही. ओक्ताव मायारचा पेला तोंडाशी पोचून तिथेच थांबला होता. दुसऱ्याचा हात नकळत बंडीच्या खिशाशी, किल्लीशी गेला होता. गावात एकाने केलं की उरलेल्यांनी करायचंच, या नियमाने मातीलपाठोपाठ पाचही जणांनी बर्नला लिफाफे दिले होते. लाखबंद. स्वतःच्या हाताने. दार लावून. आणि आता त्या कुरणावर, छान ऊन पडलेलं असताना, पाच मोठी माणसं एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होती: आपण कुठला कागद घातला?

"सोमवारी येऊ नका," मातील तिला म्हणाला. "आणि मुलीलाही पाठवायची गरज नाही. कधीच."

"बरं," ब्लुएत म्हणाली. कोशिंबिरीचं भांडं तिचं स्वतःचं होतं. ते तिने उचललं, मार्लीझला हाक मारली आणि दोघी उतार उतरू लागल्या. सॉसेज अजून भाजून व्हायचे होते. अर्ध्या वाटेवर ती भांडं मांडीवर घेऊन एका दगडावर बसली.

"आई, तू कसली बोललीस!" मुलगी म्हणाली.

"हो. आता तू कसली शिकशील ते बघू." आणि ती रडली, कारण वसंत सात महिन्यांवर होता आणि हातात काही नव्हतं.

सोमवारच्या पहिल्या गाडीला काय झालं ते झेलीच्या दिरामुळे सगळ्यांना कळलं. तो स्टेशनवर तिकिटं फाडतो. पाचही मालक फलाटावर होते, पाच ठिकाणी उभे, प्रत्येकाच्या तोंडासमोर वर्तमानपत्र. पाचही जणांनी बर्नचं तिकीट काढलं आणि पाचही जणांनी, न विचारता, सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे चाललोय.

"पाचांचे मिळून दहा तरी दात असतील का?" झेली म्हणाली.

कार्यालयातल्या त्या सभ्य गृहस्थाने पाचही जणांना तेच सांगितलं: लिफाफा तुमचा आहे, हवा तर उघडू, पण एकदा उघडला की तो उघडाच, मग पुन्हा लाख नाही. म्हणजे आत काय आहे ते कळायला हवं तर गुपित सोडायचं, आणि गुपित ठेवायचं तर आत काय आहे ते देवाला ठाऊक. चौघं लिफाफ्याकडे बघून परत आले. ते पुढेही तसेच राहिले. आपलं सगळ्या देशांत संरक्षण झालेलं आहे असं छातीठोक सांगत, आणि विषय निघाला की खिडकीबाहेर बघत.

एकट्या ओक्ताव मायारने उघडला. त्याच्या आत काय निघालं ते त्याने कुणालाही सांगितलं नाही, पण बुधवारी तो ब्लुएतच्या घरी आला. मागच्या दाराने. टोपी हातात.

"पेरेबाई, मला माणूस हवंय. आराखडे काढायला, आणि लिफाफ्यात... म्हणजे बर्नच्या कागदपत्रांत काय जातं ते बघायला. पगार मातीलइतकाच. पण शपथ घ्यावी लागेल."

"कसली?"

"कुठल्याच गोष्टीबद्दल कुणालाच काही सांगणार नाही, अशी."

ब्लुएतने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. हाही तसाच. मातीलहून थोडा घाबरट, म्हणून थोडा बरा. रागीट आहे. कंजूष आहे असंही ऐकलं होतं. कारागिरांना ऊब यायची भट्टीही उशिरा पेटवू देतो म्हणे. मुलीने बोटं गारठून काम करायचं का? पण कारखाना दोन गल्ल्यांवर होता, आणि दुपारी जेवायला घरी येता आलं असतं.

"शपथ नाही," ती म्हणाली. "आधी मुलीचा करार. चार वर्षांचा, रीतसर, कचेरीत नोंदवलेला. आणि सकाळी सातच्या आत भट्टी पेटलेली पाहिजे, तेही त्यात लिहायचं."

"भट्टी? करारात?"

"करारात."

"बाई, लोक हसतील मला."

"लोक सध्या मातीलसाहेबांना हसतायत. तुमची पाळी यायला वेळ आहे."

मायारने टोपी दोनदा फिरवली. शनिवारी तो पुन्हा आला, या वेळी करार घेऊन, आणि शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून कोटाच्या आत लपवून. ब्लुएतने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मायार सारखा म्हणत राहिला, "हळू, हळू, खिडकी उघडी आहे." तिने आवाज कमी केला नाही. भट्टीची ओळ सापडली. सातची वेळही होती. तिने पान उलटून मागची कोरी बाजूसुद्धा तपासली, तिथे काही लिहिलेलं नाही ना ते. मग सगळं पुन्हा एकदा वाचलं.

"झालं?" मायारने विचारलं.

तिने कागद सरळ केला. दौत मुलीकडे सरकवली.

"मार्लीझ, सही कर. पूर्ण नाव लिही. आणि अक्षर नीट काढ."